तुसाचा डोंगर

२ जून १९८६
विलास आला होता. दहावीत माझ्याकडे चित्रकलेला होता, साधं वर्तुळ काढता यायचं नाही. आता नागपुरात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो, डोळ्यांवर काळा चष्मा. बैठकीतल्या देखाव्यापुढे अर्धा तास उभा राहिला. दोन जुनी दारं जोडून केलेलं पटांगण, त्यावर स्टेशन, धानाच्या बांध्यांची शेतं, तळं, मागे आंबागडचा डोंगर, आणि यातून फिरणारी विजेवरची आगगाडी. (गाडी तेवढी इथल्या मँगनीज खाणीतल्या एका साहेबानं बदली होऊन जाताना दिलेली. बाकी सगळं हातचं.)
म्हणाला, "सर, याची कॅसेट काढू. असा देखावा घरी कसा बनवाचा, पायरी-पायरीनं. लोकं शिकतीन."
विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला करायचा होता?
सहा वर्षं एकट्यानं हे उभं केलं. शाळेत हेडमास्तर 'लांजेवार सरांचा खेळ' म्हणतात आणि हसतात. आता हसा म्हणावं.

५ जून
पायऱ्या लिहून काढल्या. बावीस झाल्या. बांधीतलं धान गोणपाटाच्या धाग्यांचं, झाडांचा पाला घोसाळ्याच्या वाळल्या जाळीचा, तळं काचेचं. डोंगर सर्वांत महत्त्वाचा. तारेची जाळी वाकवायची, वर खळीत बुडवलेले कागद, त्यावर राइस मिलमधलं तूस खळीत कालवून थापायचं. तडे जाऊ नयेत म्हणून आठवडाभर ओलं फडकं. तुसाला मुरमासारखा तांबूस रंग आपोआप येतो, वेगळा द्यावा लागत नाही. या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. हा शोध माझा.
हिला वाचून दाखवावं असं वाटलं, पण ही पापड लाटत होती. राहिलं.

११ जून
शूटिंगचा पहिला दिवस. मंडपवाल्याकडून आणलेले मोठे दिवे, पंखा बंद (आवाज येतो म्हणे), बाहेर जून. कपड्यांतून घाम निथळला. हिला मागच्या पडवीत बसायला सांगितलं, भांड्यांचा आवाज नको म्हणून. तुसाचा डबा तेवढा तिच्याकडून आणवून घेतला.
डोंगराची पायरी चांगली चालली होती. तेवढ्यात ही दारात. "ऐका न, तूस..." एवढंच म्हणाली. मी हातानंच गप्प केलं. तरी विलासनं कॅमेरा थांबवला. टेक वाया. मी चिडून काहीतरी बोललो. ही आत गेली.
बाईमाणसाला एक दिवस धीर धरवत नाही.

१२ जून
विलासनं कालचं टी.व्ही.वर लावून दाखवलं. पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकला. "आता हे तूस घ्या न मंग खळीत चांगलं कालवा." वर्गात शुद्ध बोलतो असं मला तीस वर्षं वाटत होतं.
विलास मान खाली घालून म्हणाला, "सर, राग नोका मानू. पुण्या-मुंबईकडचे लोकं हसतीन. आवाज दुसऱ्याचा घेऊ. शब्द तुमचेच राहतीन."
मी म्हटलं, घे.


१४ जून
आज चेहराही गेला. घामानं चमकतो म्हणे. फक्त हात दिसणार. दिवसभर दोन हात म्हणून बसलो. नखांतली माती काढायला लावली. देखावा मातीचा आणि नखं मात्र कारकुनाची हवीत!
दुपारी जेवताना ही वाढून पडवीत निघून गेली. विलासच वरणाची तारीफ करत होता.

२४ ऑगस्ट
नागपूरला जाऊन आलो. विलासच्या दुकानात पूर्ण कॅसेट पाहिली. आवाज कोणा जाड गळ्याच्या गृहस्थाचा. त्यानं जन्मात तूस हातात धरलं नसेल. 'आपण आता डोंगराची निर्मिती करणार आहोत.' निर्मिती!
शेवटी नावं. निर्माता विलास, निवेदन तो गळा, मग मंडप डेकोरेशन, त्याखाली 'सहकार्य: लांजेवार सर, तुमसर'. वाचेपर्यंत गेलंसुद्धा. विलासला म्हटलं, मी मंडपवाल्याच्याही खाली? तो म्हणाला, "सर, त्यांनी दिवे फुकट देल्ले."
मीही फुकटच दिलं होतं. ते ओठांवर आलं आणि गिळलं. परतीच्या एस.टी.त तेच चघळत होतो.

१७ नोव्हेंबर
दिवाळीनंतर शाळा उघडली. हॉलमध्ये मुलांना कॅसेट दाखवली. हेडमास्तर म्हणाले, "वा, कोणत्या कंपनीची आहे?" मी म्हटलं, हे हात माझे आहेत. ते हसले. त्यांना विनोद वाटला.
घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "हात त दिसले न तुमचे." हिला माझं दुःख कधी कळणार?

२० डिसेंबर
विलासच्या पत्त्यावर आलेलं पत्र त्यानं इकडे पाठवलं. आजऱ्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर. कॅसेट पाहून सगळं तंतोतंत केलं, पण तूस पिवळंच राहिलं, तांबूस रंग येईना. काय चुकलं?
दोन पानी उत्तर लिहिलं. तुमच्याकडचं तूस हलकं असणार, आमच्या तुमसरच्या धानाची गोष्ट वेगळी, आणि कलेत हाताचा गुण असतो तो कॅसेटमधून देता येत नाही. खाली पूर्ण सही केली. मास्तर पाचवीतल्या पोराला झापतो तसं पत्र झालं. फार बरं वाटलं.

८ जानेवारी १९८७
पोस्टमास्तरांचं दुसरं पत्र. 'आपण म्हणता तसे तूस हलके असेलही, परंतु चौथ्या दिवशी फडके उचलले तो डोंगराला कोंब. आज तिसरा आठवडा, रोपे स्टेशनच्या छपरापेक्षा उंच आहेत. नात विचारते, आजोबा लावणी कधी?'
शेवटी लिहितात, 'आपल्या हाताच्या गुणाबद्दल आदर आहेच.' टोमणा कळला.
तुसात चुकार धान असतं, हे मान्य. पण माझ्या डोंगराला सहा वर्षांत एक कोंब आला नाही. म्हातारा खोटं बोलतोय.

१९ जानेवारी
आणखी तीन पत्रं, तिन्हींत कोंबांचीच तक्रार. पेण, इगतपुरी, आणि एक भंडाऱ्याचंच. भंडाऱ्याचं! म्हणजे तूसही आमच्याच इकडचं.
विलासनं सोबत चिठ्ठी जोडली, 'सर, हे काय होऊन राहिलं?'

२६ जानेवारी
ही लाखांदूरला मुलीकडे गेली आहे, बाळंतपणाला. झेंडावंदन आटोपून परस्पर मिलवर गेलो, पोतंभर तूस आणलं. घरातला डबा रिकामा होता. पाटावर छोटा डोंगर केला, बावीस पायऱ्यांपैकी पहिल्या सात अगदी लिहिल्याप्रमाणे. ओलं फडकं घालून ठेवलं. सगळ्यांना एकच चोख उत्तर पाठवणार आहे.

२९ जानेवारी
रंग पिवळाच. वाळल्यावर येईल.

१ फेब्रुवारी
कोंब. मोजले नाहीत. पुष्कळ आहेत.

२ फेब्रुवारी
शाळेला गेलो नाही, डोकं दुखतं असा निरोप पाठवला. तूस तेच, मिल तीच, हात तेच. बैठकीतल्या मोठ्या डोंगरापाशी गेलो, नखानं खरवडलं. आतपर्यंत तांबूस.

१३ फेब्रुवारी
ही आज परत आली. नातू झाला. पेढे ठेवले, पाणी प्यायली, मग पाटाकडे लक्ष गेलं. तोवर रोपं चांगली वीतभर झाली होती.
"हे का केलं? भाजलं नाई का तूस?"
मी विचारलं, भाजलं म्हणजे?
"पयल्याच साली फुटले होते कोंब. तुमी शाळेत गेल्ते. मीच उपटले, थे तूस खरवडून काढलं न भाजलेलं थापून सारवून टाकलं. तवापासून दर खेपेले भाजूनच डब्यात भरलं."
सहा वर्षं?
"त का मंग? तुमी डबा उघडत होते न थापत होते."
मला सांगितलं का नाहीस, असं विचारलं. खरं तर ओरडलो.
"सांगाले आली होती न त्या दिवशी. ते पोरगं मोठे लाइट लावून बसलं होतं तवा. तुमी हात केला." तिनं मी केला तसा हात करून दाखवला. कुत्र्याला हाकलतात तसा होता.

१४ फेब्रुवारी
रंगसुद्धा भाजण्याचाच. माझा शोध! दोन रेघा!
विलासवर सहा महिने जळतोय. नाव मंडपवाल्याखाली टाकलं म्हणून. आणि मी? बावीस पायऱ्या लिहिल्या, हिची एकही नाही. मुद्दाम गाळली असती तर निदान चोर ठरलो असतो. मला ती दिसलीच नाही. हे जास्त वाईट आहे.

१७ फेब्रुवारी
विलास येऊन गेला. पत्रं वाढली आहेत, दुकानदार कॅसेटी परत करत आहेत. त्याचा उपाय असा: सुरुवातीला दोन मिनिटांची दुरुस्ती जोडायची. "सर, या खेपेले तुमीच बोला. तुमचा चेहरा, तुमचा आवाज. नाव मोठ्या अक्षरात, एकट्याचं."
माझी भाषा? घाम?
"चूक सांगाले खरा माणूस दिसला पाहिजे न, सर. लोकाइले पटते."
वाहवा. शिकवायला गळा आणि माफी मागायला मी. हाकलून द्यायला हवं होतं. दिलं नाही. उलट विचारलं, अक्षर केवढं मोठं? माझ्यासारखा लाचार मीच.

१८ फेब्रुवारी
दुरुस्तीत भाजून दाखवावं लागेल. हिला म्हटलं, थोडं भाजून ठेव.
"आता भाजा तुमीच."
एवढंच. भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

१९ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर कढई चढवली. पहिला घाणा कच्चा. दुसरा जळून कोळसा, घरभर धूर, शेजारचे डोकावून गेले. तिसराही गेला. छप्पन्न वर्षांचा चित्रकला शिक्षक, रंग ओळखण्यात हयात गेली, आणि तूस कधी उतरवायचं ते कळेना.
ही ओट्यावर नातवाची झबली शिवत होती. शेवटी गेलो आणि विचारलं. सहज नाही विचारता आलं. आधी घसा साफ केला, मग हवापाण्याचं काहीतरी बोललो, मग विचारलं.
तिनं सुई झबल्यात खोचली. "रंग नोका पाहू. आवाज ऐका. तुसात चुकलेलं धान असते, थे फुटाले लागते. तडतड थांबली का उतरवा. मंग चाळून घ्या. धानाच्या लाह्या वर राहतेत. लाही झाली का मंग कोंब कुठून फुटन?"
चौथा घाणा जमला. चाळल्यावर मूठभर लाह्या निघाल्या.
"तुमाले चहासंगं देत होती न त्या ह्याच."
सहा वर्षं खात आलोय. चिवड्यातल्या आहेत असं वाटायचं. हसू आलं, पण तिच्यासमोर हसायची हिंमत झाली नाही.

२१ फेब्रुवारी
हिला म्हटलं, विलासला सांगतो, भाजायची पायरी तूच दाखव. कॅमेऱ्यासमोर.
"मी? अन् का सांगू, यायले माहीतच नव्हतं म्हणून?"
मग जरा वेळानं म्हणाली, "तुमी म्हना, सांगाचं राहून गेलं. लोकं मानतेत तुमाले. माझं नाव घेऊन मले का भेटते?"
हे ती रागानं म्हणाली की माझ्यावरच्या मायेनं, ते तीस वर्षांच्या संसारानंतर मला ओळखता आलं नाही. चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी कढईकडे बघत होतो.

२२ फेब्रुवारी
उद्या विलास येणार. पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला.
दोन मिनिटांचं बोलणं लिहून काढलं. एक असं: 'तूस भाजून घ्यावे, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.' वाचायला सोपं. यात मी मास्तरच राहतो, जरा विसराळू एवढंच. मोठ्या अक्षरातलं नावही शोभतं त्याच्याखाली.
दुसरं असं: 'तूस भाजतात हे मला माहीत नव्हते. ते सहा वर्षे माझी पत्नी यमुना भाजत आली.' हे मोठ्यानं वाचून पाहिलं. 'माहीत नव्हते' तेवढं पुटपुटलो. हेडमास्तर पाहतील, सगळा स्टाफ पाहील, आजऱ्याचा तो म्हातारा पाहील.
मागची सगळी पानं चाळली. इतकी वर्षं लिहितोय, सगळीकडे नुसतं 'ही'. तिचं नाव आज पहिल्यांदा लिहिलं.

२३ फेब्रुवारी, सकाळी
यमुनेनं पहाटेच उठून डबाभर तूस भाजून ठेवलंय. मी सांगितलं नव्हतं. चहा देऊन गेली. सोबत लाह्या नव्हत्या.
दोन्ही कागद खिशात आहेत. विलास दिवे लावतोय. कोणता कागद काढेन, खरंच सांगता येत नाही. पहिलाच काढेन अशी भीती वाटते.
हाक मारतोय. जातो.