दोन-चार रोपं

२१ सप्टेंबर, रविवार
लेंबांगहून परतलो. निंग्रुमचं जमल्यात जमा आहे. मुलगा बरा, कमी बोलतो. त्याचे वडील पाक विरात्माजा ती कसर भरून काढतात. घरामागे ग्रीनहाऊस. आत ऑर्किडच ऑर्किड. जेवण गार होईपर्यंत आम्हाला फिरवलं.

निंग्रुमला तिथल्या रोपांची नावं पाठ आहेत. झारी कुठल्या खुंटीला असते तेही माहीत. मला बरं वाटलं. मुलगी सासरी रुळणार, बापाला आणखी काय हवं.

निघताना त्यांनी विचारलं, पाक मोमोन, तुमच्याकडेही असतील ना ऑर्किड? निंग्रुम समोरच उभी होती. मी म्हणालो, छे छे, सांगण्यासारखं काही नाही, दोन-चार रोपं आहेत.

आमच्याकडे एकही नाही.

चूक आकड्यात झाली. शंभर म्हणालो असतो तर बढाईखोर समजून त्यांनी विषय सोडला असता. आम्हा सुंदा लोकांत शंभरवालाच दोन-चार म्हणतो. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, मागणी घालायला येऊ तेव्हा आधी तुमची बाग, मग बाकीचं.

मागणी नोव्हेंबरच्या मध्याला. भरपूर वेळ आहे. संकल्प: तोवर खरा संग्रह उभा करायचा. झाडाला मुख्य लागतं पाणी, आणि मी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात काढली आहे. संग्रह झाला की निंग्रुमलाही कळेल, झाडं बघायला एवढ्या लांब जायची गरज नाही.

२२ सप्टेंबर
एंतिन म्हणते, अहो अबाह, फोन करा आणि सांगून टाका. रोप नाही, कुंडी नाही, काही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला एवढंही कळू नये. आता नाही म्हटलं तर तो आणखी मोठा विनय ठरेल. ते दोनशेच्या अपेक्षेने येतील. ती म्हणाली, मग त्या वेळी गप्प बसायचं होतं. मी लगेच गप्प बसलो.

२७ सप्टेंबर, शनिवार
घाटरस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. पांढरी चंद्र-ऑर्किडं घेतली, फुलांसकट. विक्रेता म्हणाला, लहान मूलसुद्धा वाढवील. मी त्याला सांगितलं की मी निवृत्त अधिकारी आहे. तो म्हणाला, मग तर दुप्पट न्या. नेली.

फाटकाजवळच्या आंब्यावर टांगायची ठरवली. पण फांद्यांवर जंगली झुबके माजलेले. बारीक पानं, वाळक्या काड्या, नुसता गबाळेपणा. शिडी लावून पत्र्याने खरवडून काढले. खोड स्वच्छ झालं. नव्या नळासारखं दिसतं.

शेजारचे पाक तोगार भिंतीवर कोपर टेकून बघत होते. बटाक माणूस, मनात आलं की तोंडात. म्हणाले, ती कबुतर-ऑर्किडं आहेत हो पाक मोमोन, तुमच्या ताटातलं काही खात होती का? मी म्हणालो, संग्रहाला शिस्त लागते. त्यांच्या रंबुतानवर हाच कचरा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत आहे. त्यांनी कधी हातसुद्धा लावलेला नाही.

संध्याकाळी निंग्रुम ऑफिसातून आली. चंद्र-ऑर्किडांना छान म्हणाली. मग विचारलं, कबुतरं कुठे गेली? मी म्हणालो, काढली. ती म्हणाली, हं. स्वच्छता आवडली असावी.

एंतिनने नंतर सांगितलं, कबुतर-ऑर्किड फुललं की निंग्रुम लहानपणी खाली पडलेली फुलं गोळा करून माझ्या हेल्मेटात ठेवायची. मी ओरडायचो आणि झटकून टाकायचो. मला आठवत नाही. त्या काळात कचेरीत काम फार होतं. आणि हेल्मेटात काही असेल तर कोणीही झटकील.

५ ऑक्टोबर, रविवार
पाणी सकाळ, दुपार, संध्याकाळ. उत्तम चाललं आहे.

निंग्रुम म्हणाली, अबाह, आठवड्यातून दोनदा पुरे, मुळांना हवा लागते, पाक विरात्माजा म्हणतात. मी शांतपणे सांगितलं की मी या शहराला पाणी पाजलं आहे, कोणाची मुळं कुजल्याची तक्रार आली नाही. मला राग आला नाही. झारी जरा जोरात ठेवली गेली.

ती दुपारच्या बसने लेंबांगला गेली.

१२ ऑक्टोबर
फोनवरच्या ऑर्किडप्रेमींच्या ग्रुपात शिरलो. मोठे अनुभवी लोक. एक बाई तांदूळ धुतलेलं पाणी घालतात. एकजण मिचिन घालतो, सूपमध्ये घालतात ती पांढरी पूड, महिन्यातून एकदा चिमूटभर. महिन्यातून चिमूटभराने फुलं येत असतील तर रोज चमचाभराने काय होईल, हे त्या माणसाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी ग्रुपात लिहिलं नाही. प्रत्येक गोष्ट वाटायची नसते.

१६ ऑक्टोबर
एंतिनने मिचिनचा डबा लपवला. म्हणाली, सूप मिळमिळीत लागतंय आणि झाडं खारट झालीत. मी नवीन डबा आणला. तो मोटारसायकलच्या सीटखाली ठेवतो.

१९ ऑक्टोबर
पानं पिवळी पडताहेत. सोनेरी म्हणता येईल. रोप परिपक्व होत असावं. पाणी वाढवलं.

२३ ऑक्टोबर
चार फुलं गळली. ग्रुपात फोटो टाकला. कोणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कौतुक की श्रद्धांजली, नक्की कळलं नाही.

निंग्रुम उशीरपर्यंत फोनवर हसत होती. तिकडच्या ग्रीनहाऊसमध्ये एक कळी उमलली म्हणे. मुलाने व्हिडिओ पाठवला. मलाही दाखवला. मी म्हणालो, आपल्याकडेही बरंच काही घडतंय. ती म्हणाली, हो अबाह.

१ नोव्हेंबर
फुलं सगळी गळली. हा विश्रांतीचा काळ. एका कुंडीला वास येतो. पाक तोगारांनी भिंतीवरून विचारलं, आज सुकी मासळी का? मी कुंडी भिंतीपासून लांब सरकवली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारी वादळ. विजा, गारठा, पत्र्यांचा तडतडाट. अंगावर जाड चादर घ्यावी लागली. कुंड्या मुद्दाम बाहेर ठेवल्या. फुकटचं पाणी, तेही आभाळातलं.

पाऊस थांबल्यावर पाक तोगार भिंतीवर हजर. म्हणाले, झाडांना पोहायला शिकवताय का? मग म्हणाले, एवढी थंडी पडली, आता आठवडा-दहा दिवसांत कबुतरं उघडणार बघा, सगळी एकाच दिवशी, सगळी गल्ली. मी म्हणालो, असेल. माझ्यासमोर महत्त्वाचे प्रश्न आहेत.

१० नोव्हेंबर
शेवटचं चंद्र-ऑर्किड उचललं. वरचा भाग हातात आला. खालचा आला नाही.

विक्रेत्याने सदोष माल दिला हे आता स्पष्ट आहे.

संकल्प: डगमगायचं नाही.

१४ नोव्हेंबर
मार्ग सापडला. फुलबाजारात लग्नाच्या सजावटीसाठी ऑर्किडच्या कापलेल्या दांड्या मिळतात. जांभळ्या, ताज्या. परवा पहाटे आणून कुंड्यांतल्या कोळशात खोचायच्या. वर थोडं शेवाळ. यात फसवणूक नाही. फूल ऑर्किडचं, कुंडी ऑर्किडची. मधला भाग तेवढा तूर्त नाही.

एंतिनला सांगितलं. ती म्हणाली, अबाह, ते मुलगी मागायला येतायत. मी म्हणालो, मला माहीत आहे कशाला येतायत.

मागणीच्या वेळी सर्वांसमोर मुलीला होकार विचारायचा असतो, बापाने. त्यासाठी चार ओळी तयार केल्या. ऑर्किडची उपमा घातली आहे. नाजूक निगा, संयम, वगैरे.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
बाजारातून परतलो तर गल्ली पांढरी.

रंबुतानवर, फणसावर, विजेच्या खांबाशेजारच्या त्या मरतुकड्या झाडावर, नाल्याकडेला, सगळीकडे. पांढऱ्या पाखरांचे थवेच्या थवे बसावेत तशी. वास घरात शिरला आहे. बायका पोरांना कडेवर घेऊन दाखवताहेत. पाक तोगार लुंगीवर रस्त्यात उभे राहून स्वतः लावल्यासारखे अभिनंदन स्वीकारताहेत.

आमचा आंबा स्वच्छ आहे.

निंग्रुम पाक तोगारांच्या फाटकाशी वाकून पडलेली फुलं वेचत होती. केस ओले, पायात माझ्या चपला. मी म्हणालो, आजच्या दिवशी कचरा काय गोळा करतेस, आत जा, तयारी कर. ती हसली आणि आत गेली.

थोड्या वेळाने येऊन म्हणाली, अबाह, बर्फ संपलाय, मोटारसायकलवरून घेऊन येता? मी म्हणालो, दांड्या सोडून कसा जाऊ, दोन वाकल्या आहेत. ती परत आली. म्हणाली, तुम्हीच जा ना अबाह, पाच मिनिटांचं काम आहे. आजच्या दिवशीसुद्धा माझ्या कामाला पाच मिनिटांची किंमत नाही. तिला तसं बोललो नाही. मान हलवली फक्त. शेवटी पाक तोगार लुंगी बदलून पायी गेले आणि बर्फ घेऊन आले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पाहुणे तबकं घेऊन आले आणि आत यायचंच विसरले. सगळे गल्लीत माना वर करून उभे. पाक विरात्माजांनी तर तबक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि नाल्यापर्यंत जाऊन आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, पाक मोमोन, काय माणूस आहात तुम्ही. दोन-चार म्हणालात! माझ्या ग्रीनहाऊसमध्ये असं एका दिवसात सगळं कधी फुलत नाही. यातलं तुमचं झाड कुठलं?

मी दाखवलं.

ते बघत राहिले. वर कुंड्या टांगायचे आकडे तेवढे लटकत होते. मग म्हणाले, सावली फार छान आहे.

पाक तोगार तिथेच होते. म्हणाले, आणि बुंधा बघा, अंघोळ घातल्यासारखा. पाक विरात्माजा म्हणाले, हो, तोही.

मी त्यांना कुंड्यांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावला. वाकून एका दांडीला हलकेच बोट लावलं, खरा जाणकार लावतो तसं. दांडी निघून त्यांच्या हातात आली. खालून तिरकी कापलेली.

त्यांनी ती परत खोचली, शेवाळ सारखं केलं आणि म्हणाले, मुळं जरा लाजाळू आहेत.

मोठा माणूस आहे. हे लिहायला मला काही वाटत नाही.

नंतर दिवाणखान्यात सगळे चटईवर बसले. निंग्रुमला आणून समोर बसवलं. अंगात निळा केबाया. माझी वेळ आली. चार ओळी पाठ होत्या. तोंड उघडलं तर घसा बंद. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद. परागकण असावेत. आज हवेत फार होते. एंतिनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिनेच विचारलं, निंग्रुम, हे लोक तुला मागायला आलेत, तुझं काय म्हणणं? निंग्रुम माझ्याकडे बघत हो म्हणाली.

एका तबकात पाक विरात्माजांनी आणलेलं ऑर्किडचं रोप होतं. मला म्हणाले, तुमच्यासाठी. मी हात पुढे केला. निंग्रुम चटकन म्हणाली, लग्नापर्यंत तिकडेच राहू दे ना, तिकडची हवा गार आहे. सगळे हसले. मीही हसलो. विचार बरोबर आहे. रोपाला दोनदा प्रवास कशाला.

दिवेलागणीला गल्लीतली फुलं माना टाकू लागली. पाक तोगार म्हणाले, एका दिवसाचाच खेळ, पाक मोमोन, आता पुन्हा वादळ आलं की. मी विचारलं, आंब्यावर परत धरतील का? ते पहिल्यांदाच नीट बोलले. म्हणाले, धरतील की, बी वाऱ्याने येतं. पण वेळ लागतो हो. काही वर्षं.

लग्न मार्चमध्ये ठरलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
निंग्रुम ऑफिसला गेली. एंतिन तबकं धुते आहे. रस्त्यावर ओल्या कागदासारखा थर. फुलं म्हणून ओळखू येत नाही.

संकल्प: नर्सरीत जाऊन सदोष मालाबद्दल जाब विचारायचा. सगळं मुद्देसूद ठरवलं. मोटारसायकल बाहेर काढली. हेल्मेट खुंटीवरून काढून डोक्यावर घातलं. काहीतरी गार, चिकट लागलं.

काढून पाहिलं. ओंजळभर होती. कडेला अजून पांढरी, बाकी पिवळट, एकमेकांना चिकटलेली. वास थोडा उरला होता.

झटकली नाहीत.

नर्सरीत गेलो नाही. एंतिनकडून खोल बशी घेतली. बशीत पाणी भरून एकेक सोडवून ठेवली. दुपारी तपकिरी दिसली. पाणी बदललं.

संध्याकाळी पुन्हा बदललं.