मचव्याची काठी

१४ ऑक्टोबर २००७, रविवार

बाबांना जाऊन आज महिना झाला. काका काल्हेरहून जेवायला आले होते. दुपारी त्यांना कॉम्प्युटरवर मचवा दाखवला. बाबा तरुणपणी ज्या मचव्यावर होते, तोच मी जहाज चालवायच्या गेमसाठी बनवतो आहे. सहा महिने झाले. शीड, ते पेलणारी डोलकाठी, सुकाणू, नांगर, सगळं.

काका हसले. "काठी मागं कलली हाय तुझी. कोणाला घाबरली रे? आपली काठी पुढं कलते. शीड तिच्या पुढनं फिरवायचं तर जागा नको?"

काठी मी परदेशी जहाजांच्या फोटोंवरून घेतली होती.

बाबांनी ऑगस्टमध्ये हाच मचवा पाहिला होता. "हा आमचा न्हाय," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला उठले. मला राग आला. का नाही, ते विचारलं नाही. नंतर कधी दाखवलाही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? बहुधा हो. आपणहून बोलायची सवय त्यांना नव्हती, मलाही नाही.

काका गेल्यावर काठी पुढे कलवली. त्यांनी हाताने दाखवली होती तेवढीच. मग मचवा गेममधल्या खाडीत सोडला. शीड काठीपुढून फिरलं, कुठे अडकलं नाही. आता आमचा वाटतो. म्हणजे मला वाटतो. बाबा काय म्हणाले असते, ते कळायला मार्ग नाही.

कॉम्प्युटर बंद केला, त्यावर कापड घातलं आणि काकांचा कप धुऊन ठेवला.