डब्यांची साप्ताहिक सुट्टी

चि. भुंग्यास,

मावशीचे आशीर्वाद. पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत पोक काढून बसल्यावर ती दुखणारच, हे मी तू दहावीत असतानाच सांगितलं होतं. माझी तब्येत उत्तम आहे. कालपासून घास उतरत नाही, एवढंच. फोन केला असता, पण तू "मावशी, आधी शांत हो" म्हणतोस आणि माझं डोकं फिरतं. म्हणून हे पत्र शेजारीणबाईंच्या हाती.

तुझ्या दादाने (जन्म मी दिला, पण यंत्रांच्या बाबतीत तो तुमच्या पक्षातला) दूर नोकरीला जाताना माझ्या कपाटावर तीन काळे डबे मांडले. त्याला तो क्लस्टर म्हणतो. आत म्हणे कंटेनर आहेत. पुस्तकाएवढ्या डब्यात कंटेनर मावत नाहीत, एवढं मला कळतं. पण फोटो, दाराचा कॅमेरा, सगळं त्यावरच चालतं. "आई, एक बंद पडला तरी उरलेले दोघं त्याचं काम उचलतात," हे त्याचंच वाक्य. मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुलींच्या पाळ्या लावल्या. दोघींत काम भागत असेल तर तिसरीला सुट्टी द्यायची असते, बाराही महिने राबवायचं नसतं. डबे तर तापले होते बिचारे. मी वेळापत्रक करून कपाटाच्या दाराला चिकटवलं.

मंगळवारी पहिल्याची सुट्टी. काही अडलं नाही. बुधवारी सकाळी नऊला पहिला चालू केला आणि त्याच क्षणी दुसरा बंद. आमच्याकडे एक मुलगी हेडफोन उतरवायची, दुसरी चढवायची, अर्धं मिनिटही जात नसे. या महाराजांना मात्र जागं होऊन मागचं काम समजून घ्यायलाच वेळ लागतो. तोवर तिसरा एकटा, आणि एकटा तो कामाला हातच लावेना! दादाच्या वहीत लिहिलंय, तिघांतले दोघं हजर नसतील तर बहुमत नाही, काम थांबतं. (तापाच्या साथीत मी एकटीने तीन बोर्ड सांभाळले. बहुमत मागितलं नाही.)

मग मी घाबरले. म्हणजे, सावध झाले. दुसरा परत चालू केला, आणि धीर धरवेना म्हणून राउटरच्या पाठच्या बारीक भोकात हेअरपिन खुपसून दाबून धरली. चांगली पंधरा सेकंद. काम अर्धवट सोडायचं नाही, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण. राउटर सगळं विसरला: स्वतःचं नाव, पासवर्ड, कोणता डबा कुठल्या पत्त्यावर, सगळं. आता तिन्ही डबे जागे आहेत, पण वाटणी झालेल्या भावांसारखे एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

दादा रविवारी येतोय. तू त्याआधी ये. मला त्या डब्यांचं काडीचं कौतुक नाही. उगाच त्याचं मन मोडायला नको, म्हणून.

तुझी मावशी

ता.क. – तुझे काका जायच्या आधीचे त्यांचे फोनवरचे निरोप त्या डब्यांत आहेत. "मी खाली उभा आहे, पिशवी घेऊन ये, चष्मा शोधू नकोस, माझ्याच नाकावर आहे." रोज चार वाजता ऐकते. काल ऐकलं नाही. जुना फोन मीच भंगारात दिला. दादा म्हणाला होता, आई, आता तीन ठिकाणी आहे, काळजी नको.

ता.क. २ – आवाज सापडला तर दादाला काही सांगू नकोस. नाही सापडला तर मला लगेच सांगू नकोस. आधी चहा घे.

ता.क. ३ – आज गुरुवार, तिसऱ्याची पाळी. त्याची सुट्टी मी रद्द केली आहे. मीही समोरच खुर्ची टाकून बसले आहे.