घोडीला नाव, चालकाला नाही

पप्पा, तुमच्या रेजिमेंटचा इतिहास छापायला निघालाय. लिहिणारे निवृत्त कर्नल पुण्यात राहतात आणि जुन्या जवानांच्या घरी फोन करून फोटो गोळा करतात. तुमचा रणगाड्यावर बसलेला फोटो मी पाठवला, तर त्यांनी पुस्तकाचा मसुदाच पाठवला, तुमच्या लढाईचं पान तपासायला. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला असं काही पाठवू नये.

पुस्तक घोड्यांपासून सुरू होतं. रणगाड्यांआधी रेजिमेंटकडे घोडे होते, म्हणून तर रणगाड्यातल्या शिपायालाही तुम्ही लोक सवारच म्हणायचात. तुम्ही रजेवर आलात की शेजारचे काका ओट्यावरून ओरडायचे, "काय रे सवारा, घोडा कुठं बांधलास? स्टेशनावर?" तर पुस्तकात एका साहेबाच्या घोडीचं नाव आहे. तिचा रंग आहे, ती कशाने मेली तेही आहे. आणि तुमच्या पानावर काय? 'चालकाच्या चुकीच्या अंदाजामुळे एक रणगाडा दलदलीत रुतला. तो ओढून काढण्यासाठी तारेचा दोर बांधताना एक सवार धारातीर्थी पडला.' त्या सवाराचं नाव पुस्तकाच्या शेवटी, हुतात्म्यांच्या यादीत आहे. तुम्ही नुसतेच चालक.

मी लगेच फोन लावला. "घोडीला नाव आहे, माझ्या बापाला नाही?"

"मॅडम, मुद्दाम गाळलंय," कर्नल शांतपणे म्हणाले. "ज्याची चूक झाली त्याचं नाव आम्ही घालत नाही. मुलानातवंडांना त्रास नको."

"मुलगी मीच. मला विचारलंत?"

"आता विचारतोय. चूक खोडता येणार नाही, नाव घालता येईल. शुक्रवारपर्यंत सांगा."

चूक तुमची नव्हतीच, हुकूम साहेबाचा होता, असं सुनवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी दहावीत, तुम्ही फौज सोडून घरी आलेले. आईने दूध उतरवून ठेवलंय. तुम्ही चमच्याची पाठ सायीवर टेकवता. साय धरते. जरा दाबता आणि चमचा आत जातो.

"दिसलं? वरती साय, खाली पानी."

मग तुम्ही सगळं सांगितलंत. पुढे पांढरी, खारी जमीन होती. साहेबाने तुम्हालाच विचारलं, कारण मिठागरात वाढलेला माणूस त्यांच्याकडे एकच होता. जमीन धरेल का? आपल्याकडे उन्हाळ्यात बांधावर अशी खपली धरली की वरून भरली बैलगाडी जायची. तुम्ही म्हणालात, धरेल, साहेब.

"पोरीला कशाला सांगता हे?" आई म्हणाली.

"ती शिकलेली हाय. कुनाला तरी ठाव पायजे."

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाल्यावर तुम्ही कब्रस्तानातल्या मोठ्या क्रूसापाशी आणखी एक लावलीत. दोर बांधताना गेलेल्या त्या माणसासाठी. तुम्ही त्याला 'आमचा सातारचा' म्हणायचात. मी माझा कॉन्व्हेंटचा शहाणपणा पाजळला, "पण तो हिंदू होता ना? सिस्टर म्हणतात, ही प्रार्थना आपल्या लोकांसाठी असते." तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. आयुष्यात तेवढीच एकदा. गाल चोळत मी मेणबत्ती जळताना बघत राहिले. तुम्ही ती अर्धी होईपर्यंत हलला नाहीत.

शुक्रवारी मी कळवलं, नाव घाला. पूर्ण घाला, गावासकट, त्याच ओळीत.

"नक्की ना, मॅडम? छापल्यावर बदलता येणार नाही."

"नक्की. त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही. तुम्ही कशाला लपवता?"

फोन ठेवला आणि भांडी घासली. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. एव्हरशाईन कॉलनीतल्या या फ्लॅटमध्ये खिडकी लावली की बाहेरचं काही ऐकू येत नाही, तसंच काहीसं आतही झालंय.

दर नोव्हेंबरला मी तुमच्या कबरीवर येते. ती धुते, फुलं घालते, मेणबत्ती लावते आणि परत फिरते. क्रूसापाशी दुसरी मेणबत्ती मात्र तुम्ही गेल्यापासून मी एकदाही लावलेली नाही. नावावरून त्या कर्नलांशी एवढी भांडले, पण सातारच्याचं नाव मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. ते मला परवा त्या यादीत वाचून कळलं.