पाटी लावली होती

अयोध्या नगर, भोपाळ
१४ नोव्हेंबर २०२५

ती. कुसुमताई,

मनूचा नमस्कार. नागपुरात थंडी पडली का? इथे सकाळी नळाखाली हात धरला की बोटं आखडतात. तुझा गुडघा कसा आहे? चिवडा पोचला. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला आणि मावशीच्या हाताला चव आहे, हेही मला ऐकवून झालं. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. आमच्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्या खोल्यांत ऐकू जातं आणि तू तर माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून ओळखतेस. म्हणून लिहायला बसले.

सध्या आमच्याकडे गाड्यांचं खूळ आहे. आशयने मंडीदीपला नोकरीवर जायला विजेवरची कार घेतली. तन्वीची स्कूटर होतीच, आणि लेकासुनेचं बघून ह्यांनीही एक घेतली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची हौस बघ! तीन गाड्या आणि पोर्चमध्ये चार्जिंगला प्लग एकच. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा न्हाणीघरावरून व्हायची तशी भांडणं आता त्या प्लगवरून. तन्वी कारची वायर काढून आपली लावायची, मग सकाळी कार अर्धीच भरलेली बघून आशय तणतणायचा. दिवाळीआधी एकदा जळका वास आला, जाऊन बघते तर प्लग वितळलेला. तेव्हा ठरलं की आता नीट सोय करायची. वीज कार्यालयातून लोड वाढवून घेतला. मीटरपासून जाड वायर, प्रत्येक गाडीला वेगळी लाइन, त्यांचा एक नवा डबा आणि अंगणात अर्थिंगचा खड्डा, असा सगळा बेत.

चार्जर बसवून देणारा मुलगा आला होता. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "बेटा, मैंने ज़िंदगी भर कारखाने में यही काम किया है. मेरे घर में बाहर का आदमी तार नहीं जोड़ेगा." तो म्हणाला, "अंकल जी, आप तो उस्ताद हैं, हम क्या बोलें." झालं, स्वारी खूश.

तेव्हापासून काम चाललंय, गोगलगायीच्या चालीनं. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायचा असतो. ह्यांनी मीठ मागवलं, आशयने आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवलं. त्यानंतर पुन्हा. पोती खड्ड्याशेजारीच पडलेली. मी म्हटलं, "लोणचं घालताय का?" तर हसले. मध्ये एकदा ह्यांची स्कूटर बरखेड्याकडे बंद पडली, बॅटरी संपली म्हणून. मी रिक्षा करून गेले आणि ह्यांना घेऊन आले. वय झालं, दुसरं काय.

ताई, हे सगळं मी आडून आडून लिहितेय. आता सरळ लिहिते.

आमच्या घरातली लाल पाटी तुला आठवते ना? तू हसायचीस तिला. कारखान्यात लाइनवर काम करायचं तर आधी स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाची पाटी अडकवायची. ज्याने लावली त्यानेच ती काढायची, साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. ह्यांनी तीच रीत घरातही आणली. साधा पंखा दुरुस्त करायचा तरी मेनवर पाटी: 'काम चालू है. भालचंद्र'. पाटी दिसली की मेन बंद आहे, हे पोरं लहानपणापासून धरून चालतात. आमच्या घरात देवावर एक वेळ शंका घेतील, पाटीवर नाही.

गेल्या रविवारी सकाळी ह्यांनी पाटी लावली आणि आशयला सांगितलं, "हं, चढ." ह्यांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून नव्या डब्यातल्या तारा आशय कसणार होता. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. आणि मला फ्रिजची घरघर ऐकू आली.

आधी काही वाटलंच नाही, रोजचाच आवाज. मग एकदम लक्षात आलं की आमचा फ्रिज इन्व्हर्टरवर नाही. मेन बंद असेल तर फ्रिज चालेल कसा?

कशी धावले ते मला माहीत नाही. मीटरपाशी पाटी लटकत होती आणि तिच्यामागे मेन चालू होता. मी खाली ओढला. पोर्चमध्ये आशय स्टुलावर उभा होता, उघड्या तारेजवळ पाना नेलेला. "काय गं आई, घाबरलीस कशाला?" मी म्हटलं, "काही नाही, दूध उतू गेलं." हे शेजारीच उभे होते. मी हळूच विचारलं, "मेन बंद केला होतात ना?" तर माझ्यावरच डाफरले, "पाटी दिसत नाही का तुला?" अगं, खोटं बोलत नव्हते. त्यांची खात्री होती.

स्कूटरचंही खरं सांगते. बॅटरी संपली नव्हती. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता जे कुटुंब राहतं, त्यातल्या बाईंचा फोन आला होता. "भाभीजी, सर आए हैं, ताले में चाबी लगा रहे हैं. पूछ रहे हैं आप कहाँ गईं." मी गेले तेव्हा हे पायरीवर बसून त्यांचंच पाणी पीत होते. मला म्हणाले, "किती उशीर केलास." घरी येऊन बॅटरीची गोष्ट मीच रचली. आशयला आणि तन्वीला यातलं काही ठाऊक नाही.

दिगंबरभाऊजींचं विसरणं सुरू झालं तेव्हा तू आम्हाला कितीतरी दिवस 'ते थकलेत' एवढंच सांगायचीस. का, ते आता कळतंय. एकदा तोंडातून निघालं की ते खरं होऊन बसतं.

मला फार भीती वाटते, ताई. दिवसभर फ्रिजकडे कान लावून बसते. हे बाथरूममध्ये गेले की पाणी पडतंय ना, ते ऐकते. उद्याचा एक दिवस, आणि रविवारी कारची लाइन जोडायची. पुन्हा पाटी लागेल आणि पुन्हा माझा लेक स्टुलावर चढेल. त्याला सांगितलं तर तो ह्यांच्या हातातून पक्कड काढून घेईल, आणि तेवढं एकच काम तर ह्यांचं अजून शाबूत आहे असं सगळे समजतात. नाही सांगितलं तर काय होईल, ते लिहवतही नाही. तुला विचारून करावं म्हटलं, पण हे पत्र तुला मिळेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल.

शनिवार, दुपार

पत्र पोस्टात टाकलं नाही ते बरं झालं.

आशय आणि तन्वी बाजारात गेले होते. हे अंगणात वायर सोलत बसले होते. मी आशयला सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल बोलायला जीभ वळेना. शेजारी जाऊन बसले आणि सांगून टाकलं. पाटी होती, मेन चालू होता, मी ओढला.

मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. हातातली वायर खाली ठेवली. मग विचारलं, "आशयचा हात कुठे होता?" मी दाखवलं. वीतभर अंतर.

मग उठले, फोन घेतला आणि त्या चार्जरवाल्या मुलाला म्हणाले, "बेटा, कल आ जाओ. आगे का सब तुम करो." तो विचारत असावा की अंकल जी, तुम्ही तर स्वतः करणार होता. हे म्हणाले, "नहीं बेटा, अब मुझसे नहीं होगा." आवाज अगदी साधा, भाजीवाल्याशी बोलावं तसा. मी मात्र पदरात तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी आशयलाही तेच सांगणार आहेत, स्वतः. मी मध्ये बोलायचं नाही, अशी ताकीद आहे.

आणि ताई, नंतर चहा घेताना मला म्हणाले, "कुसुमला लिही. तिला विचार, दिगंबररावांना सुरुवातीला कळत होतं का?"

म्हटलं, विचारते.

तर आता असं कर. जे खरं असेल ते मला फोनवर सांग, मी गच्चीवर जाऊन बोलेन. आणि पत्रात असं लिही की मला ते त्यांना वाचून दाखवता येईल. आत्तापासूनच ते तुझ्या पत्राची वाट बघायला लागलेत. लवकर लिही, त्यांना आठवतंय तोवर.

तुझी,
मनू