याकोब मास्तरांची गाणी

बेलापूर, ९ जानेवारी २०२५

चि. नॅथन यास,
ताईचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहिते. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता वाचनालयाच्या सभागृहाला ‘गीतकार याकोब मास्तर’ असं नाव द्यायचं चाललंय, म्हणून मंडळींनी गाण्यांची मूळ वही मागितली. ट्रंकेत वही सापडली, पण अक्षर बाबांचं नाही रे. मागच्या पानांवर सदऱ्यांची मापं आहेत. म्हणजे वही हैदरचाचांची, बाबांच्या भजनाला तबला धरणाऱ्या आपल्या शिंप्याची. नुसती उतरवून घेतली म्हणावी, तर ओळी खोडल्यात, वर दुसरे शब्द घातलेत. असं रचणाराच करतो ना? मला काही सुचत नाही.

खोकला अंगावर काढू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
हन्नाताई


नागापूर, १७ जानेवारी

ती. हन्नाताईस,
धाकट्याचा सादर सलाम वि. वि.

पत्र कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तीनदा वाचलं, डबा तसाच राहिला. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, की एवढे शब्द तुम्हाला सुचतात कसे. ते नुसते हसले होते. आता ते हसणं वेगळंच वाटतंय. ते आपल्याशी खोटं बोलले का? की काही बोललेच नाहीत? वही देऊन गप्प राहा, असं आधी लिहिलं होतं. वर खोडलेलं दिसेलच. हैदरचाचा गेले, पण शमशादचाची जामखेडला लेकीकडे आहेत. तूच जा. माझी हिंमत तुला ठाऊक आहे.

अजून तुझ्या पदराआडच असलेला,
नॅथन


बेलापूर, ३ फेब्रुवारी

चि. नॅथन यास,
सप्रेम सलाम वि. वि.

जामखेडला जाऊन आले. चाचींनी वही लगेच ओळखली, मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, शब्द सगळे त्यांचे, चाली मास्तरांच्या. येशूची गाणी लिहितो म्हणून भावकी तोडेल, या भीतीनं चाचांनीच बाबांकडून नाव न सांगण्याचं वचन घेतलं होतं. बाबांनी ते पाळलं. पण टाळ्या घेताना त्यांना काय वाटत असेल? मला राग यावा की रडू, तेच कळेना.

आता चाचांचं नाव सांगू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नको, मला अजून याच माणसांत राहायचंय. मग मला ‘तू आलास दारी’ म्हणायला लावलं आणि पहिल्याच ओळीला हात वर केला. मूळ शब्द ‘थांबलास’ होता म्हणे. बाबांनी चालीसाठी तो बदलला, तेव्हा चाचा आठवडाभर तबल्याला आले नव्हते. नाव राहू दे, म्हणाल्या, पण तेवढा शब्द नीट म्हणा.

वाचनालयाला मी ‘गीतकार’ काढून ‘गायक’ लिहायला सांगितलं. मग गीतकार कोण, असं जो तो विचारतो. मी सांगत नाही, म्हणून लोक माझ्यावरच चिडलेत.

काल चर्चमध्ये मी ‘थांबलास’ म्हटलं, बाकी सगळ्यांनी ‘आलास’. ताल चुकला, पाळकसाहेबांनी वळून पाहिलं. मी पुन्हा ‘थांबलास’च म्हटलं. येत्या रविवारी तू ये. एकटीचा आवाज पुरत नाही.

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नकोस.
तुझी हन्नाताई