मैदानावरचा एकोणिसावा

रविवार, १४ सप्टेंबर

पावणेसातला फोन! डॅमन. "रॉझ, उठलीस का? नसलीस उठली तर ऊठ. व्हिडिओ पाठवलाय, बघ." ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या आमच्या लीगचा मुख्याधिकारी झाल्यापासून या माणसाच्या कॅलेंडरातून रविवार गळून पडलाय.

कुणा प्रेक्षकानं वरच्या स्टँडमधून मोबाइलवर काढलेला. हात थरथरतोय, शेजारचा शिव्या घालतोय. कालचा वॉरापिंगा-केस्टरटन उपांत्य सामना, चौथं म्हणजे शेवटचं सत्र. वॉरापिंगाचे खेळाडू मोजले, मैदानावर अठराच हवेत. एकोणीस. चष्मा लावून पुन्हा मोजले. एकोणीसच!

काल काय झालं ते इथं नीट लिहून ठेवते. आता आठवडाभर जो तो आपल्या सोयीचं सांगत सुटणार. केस्टरटन एका गुणानं पुढं. सहा मिनिटं उरलेली. त्यांचा कप्तान कॉर्बिन लेस्क पंचांकडे धावला — "मोजा त्यांना! एक जास्त आहे!" कप्तानाचा तो हक्कच आहे. पंचांनी शिट्टी मारली, वॉरापिंगाच्या पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाकडे बोट दाखवत मोजले. अठरा! मोजणी खोटी मागितली की शिक्षा ठरलेली. समोरच्यांना फ्री किक, वर चेंडू पन्नास मीटर पुढं. त्यावर गोल, सहा गुण. केस्टरटन पाच गुणांनी हरले आणि वॉरापिंगा अंतिम सामन्यात.

आणि तो एकोणिसावा? रांग लागत असताना पलीकडच्या सीमेवरून गुपचूप बाहेर! व्हिडिओत चक्क दिसतोय. बाहेर जाऊन पाणी पितोय.

म्हणजे खरं बोलला त्यालाच शिक्षा झाली. आणि ती शिक्षा माझ्याच नियमपुस्तकातली. लीगची स्पर्धा-अधिकारी मी, पुस्तकावर नाव माझं.

नेव्हिल टोस्टला व्हेजिमाइट फासत म्हणाला, "अठरापर्यंत मोजता येत नाही होय गं तुमच्याकडे कुणाला?" नवरा आहे म्हणून वाचला.

सोमवार, १५ सप्टेंबर

तीनशे बारा मेल. एकातही 'नमस्कार' नाही.

बाकीची कामं थांबत नाहीतच. चुकीच्या रंगाचे मोजे घातले म्हणून एका क्लबला दंड केला होता, त्यांचं अपील आलंय — सहा पानी! मोज्यांवर! एका खेळाडूनं समोरच्याला उचलून डोक्यावर आपटला, तीन सामने बंदी. त्याचा वकील म्हणतो, पोरगा मुळात गरीब स्वभावाचा. सोबत त्याच्या बालवाडीच्या बाईंचं पत्र. वाळूत खेळताना तो खेळणी वाटून घ्यायचा म्हणे. मी पत्र फायलीत लावलं आणि बंदी तीनच ठेवली.

दुपारभर नियम एक्केचाळीस. आता पाठ झालाय. मैदानावर एकोणिसावा सापडला तर त्या संघाचे तोवरचे सगळे गुण रद्द. सगळे! पण मोजणी सामना चालू असतानाच व्हायला हवी, नंतर बोंब मारून उपयोग नाही. इथवर ठीक. इथं थांबता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत मीच पोटकलम घातलं — मोजणी खोटी ठरवणारा पुरावा मागाहून मिळाला तर स्पर्धा-अधिकारी निकाल बदलू शकतो. 'शकतो'! जेवायची वेळ टळून गेली होती, सगळ्यांनी पटापट हात वर केले. मी खूश होते त्या दिवशी.

डॅमन दारात उभा राहून गेला. "बुधवारी दुपारपर्यंत काय ते ठरव. रविवारी अंतिम सामना आहे, कुणाची नावं छापू मी तिकिटांवर?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं सही तुझी आहे."

मंगळवार, १६ सप्टेंबर

सुनावणी. साडेचार तास. डोकं अजून ठणकतंय.

केस्टरटनचा वकील तयारीनिशी आला होता. गोलमागच्या उंच खांबावरचा कॅमेरा — प्रशिक्षकांना अख्खं मैदान दिसावं म्हणून असतो तो — त्याचं चित्रण त्यानं पडद्यावर लावलं. वॉरापिंगाच्या प्रत्येक खेळाडूभोवती लाल वर्तुळ, वर्तुळात आकडा. एक ते एकोणीस. दोन मिनिटं चाळीस सेकंद ती वर्तुळं मैदानभर पळत होती आणि आम्ही सगळे तोंड वासून बघत होतो.

वॉरापिंगाचे प्रशिक्षक लायल बोडिंगर मध्येच उठले. "मान्य! एकोणीस होते! तेवीस नंबरचं डोकं फुटलं, रक्त आलं, बाहेर जा म्हटलं, बदली आत गेला, हा बावळट गेलाच नाही. चेंडू त्याच्याकडेच आला तर करणार काय? पळाला! पण नियम काय म्हणतो, रॉझ? मोजणी मैदानावर! झाली ना मैदानावर? अठरा भरले ना?"

"तो पळून गेला म्हणून भरले, लायल."

"मग तुमच्या पंचाला म्हणावं, डोळे उघडे ठेव!"

मग क्लॅरी ट्रेझाईजना बोलावलं. बदलीच्या फाटकावर एकतीस वर्षं बसतायत. कोण आत गेला, कोण बाहेर आला, वेळ लिहायची — एवढंच काम, पण चूक सापडली नाही कधी. वय त्र्याहत्तर. इस्त्रीचा कोट घालून आले होते. या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला फाटक म्हणजे काय ते यांनीच समजावलेलं. आणि आज मीच विचारत होते.

"एकोणिसावा दिसला होता तुम्हाला?"

"दिसला."



"मग पंचांना का नाही कळवलंत?"

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "चेंडू थांबला की कळवणार होतो. थांबलाच नाही."

"दोन मिनिटं चाळीस सेकंद, क्लॅरी!"

"हो."

"भोंगा आहे ना तुमच्याकडे? दाबायचा!"

"हो, पोरी. आहे."

बस्स. पुढं एक अक्षर नाही. आणि कागदावर त्या वेळेपुढं लिहिलेलं खोडलेलं. काय लिहिलं होतं विचारलं तर म्हणाले, चुकलं होतं. मला इतका संताप आला! फाटकावरचा माणूस. त्याला एकच काम. बघायचं आणि सांगायचं. बघूनही गप्प बसायचं असेल तर तिथं खुर्ची ठेवली तरी चालेल की!

बाहेर पडताना कॉर्बिन लेस्क भिंतीला टेकून उभा. सव्वीस वर्षांचा असेल. म्हणाला, "मॅडम, ड्रेसिंग रूममध्ये माझ्याशी कुणी बोलत नाहीये. माझ्यामुळं हरलो म्हणतात. मी खरं बोललो होतो हो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काहीतरी पुटपुटले. निकाल देईपर्यंत मला बोलायला मनाई आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

झालं. सही केली.

रात्री झोप नव्हती. दोन्ही बाजूंनी वाईटच. निकाल तसाच ठेवला तर लेस्कचं खरं खोटं ठरतं, आणि पुढच्या वर्षीपासून एकही कप्तान मोजणी मागणार नाही. बदलला तर एका बावळटाच्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांपायी वॉरापिंगाचं अख्खं वर्ष पाण्यात. बावीस सामने! पण नियम मोडला कुणी? मी नाही. केस्टरटननंही नाही. ज्यानं मोडला त्यानं भोगावं. नाहीतर नियम कशाला, सरळ रस्सीखेच लावू.

वॉरापिंगाचे सत्तर गुण रद्द. केस्टरटन अंतिम सामन्यात.

दुसरं पत्रही मीच लिहिलं. डॅमन म्हणत होता, क्लॅरींना फक्त समज देऊ, म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, नाही. खेळाडूला एक न्याय आणि आपल्या माणसाला दुसरा, असं नाही चालणार. कामावरून कमी. आजपासून.

फोन मीच केला, निदान तेवढं तरी. "क्लॅरी, तुम्ही बघून गप्प राहिलात. याला क्षमा नाही हो." ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नियम तो नियम." मग विचारलं, "केस्टरटन खेळणार ना आता?" म्हटलं हो. म्हणाले, "बरं. बरं झालं, एक तरी खेळतंय." मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

वॉरापिंगा गावच्या बेकरीनं दारात पाटी लावलीय — 'रॉझ पेथरिकला इथं पेस्टी मिळणार नाही.' फोटो पेपरात, पहिल्या पानावर! पंधरा वर्षं त्या डोंगरावरून येता-जाता मी तिथंच खाते.

लायल बोडिंगरचा फोन. शिव्या देईल वाटलं होतं. हळू आवाजात म्हणाला, "रॉझ, माझी सात पोरं या वर्षानंतर खेळणार नाहीत. गुडघे गेले, वय झालं. त्यांना काय सांगू ते तूच सांग."  अपील करा म्हटलं. म्हणाला, "कुणाकडे करू? वर बसलीयस तूच." हेही पोटकलमात मीच लिहिलंय.

मोज्यांचं अपील फेटाळलं. कुणावर तरी राग काढायचाच होता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पेपरात अग्रलेख: 'अखेर नियमाला दात आले.' डॅमननं फ्रेम करू का विचारलं. हो म्हणाले नाही, पण कात्रण पर्समध्ये ठेवलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. केस्टरटनहून लेस्कनं बेदाण्यांचा केक पाठवला, आईनं केलाय म्हणे. नियमाप्रमाणे परत पाठवावा लागला. केकसुद्धा!

शनिवार, २० सप्टेंबर

पुढच्या वर्षी पंचांना शिकवायला म्हणून ते चित्रण मागवलं होतं. आज आलं — मूळ, लाल वर्तुळं नसलेलं. वर्तुळं नाहीत म्हटल्यावर नजर सगळीकडे फिरते. तेवीस नंबरचं डोकं ज्याच्यावर आपटलं तो केस्टरटनचा आठ नंबर. त्यालाही रक्त आलंय. त्याचाही बदली आत आलाय. आणि तोही बाहेर गेलेला नाही.

केस्टरटन मोजले. एकोणीस. चार वेळा मोजले.

क्लॅरींना फोन लावला.

"हो गं. दोन्हीकडे एकोणीस. तेच लिहिलं होतं, मग खोडलं. म्हटलं, बरोबरीत आहेत, खेळू दे, चेंडू थांबला की दोघांनाही बाहेर काढू. तेवढ्यात तो कप्तान ओरडला. त्याला त्याचंच माहीत नव्हतं बिचाऱ्याला. वॉरापिंगाची रांग लागली तेव्हा आठ नंबरही सटकला. त्याच्याकडे बघतंय कोण?"

"सुनावणीत का नाही बोललात?"

"दोघांचेही गुण पुसले असतेस तू. दोन्हीकडच्या पोरांचं वर्ष गेलं असतं. माझं काय जायचं होतं?"

उद्या अडीचला अंतिम सामना. तिकिटं संपलीत. संध्याकाळचे सहा वाजलेत. नेव्हिल दोनदा विचारून गेला, काय झालंय. मी म्हटलं, काही नाही.